जाळीमागची बासरी

आत्ता ऐकलीत ती आडवी बासरी, आणि ती ज्याची किलबिल करत होती तो ‘गार्देलिनो’, म्हणजे गोल्डफिंच. लाल तोंडाचा, चिमणीएवढा युरोपातला पक्षी. व्हेनिसच्या आंतोनिओ विवाल्दीने बासरी आणि तंतुवाद्यांसाठी केलेले सहा कन्चेर्तो १७२८-२९च्या सुमारास अ‍ॅमस्टरडॅमला छापले गेले, त्यांतला हा तिसरा. कन्चेर्तोत सगळी वाद्यं मिळून एक सुरावट मांडतात, मग एक वाद्य पुढे होऊन आपलं म्हणणं सांगतं, आणि पुन्हा सगळी मूळ सुरावटीवर येतात.

हा विवाल्दी लाल केसांचा पाद्री. १७०३मध्ये तो पिएता नावाच्या अनाथालयात व्हायोलिन शिकवायला लागला. तिथे भिंतीला एक कोनाडा होता, तान्हं बाळ मावेल एवढाच. रात्री कुणी त्यात बाळ ठेवून निघून जाई. कधी सोबत अर्धं पदक असे. उरलेलं अर्धं आईजवळ, पुढे कधी ओळख पटवता यावी म्हणून.

मुलगे धंदा शिकून बाहेर पडत. मुली बहुधा तिथेच राहत. बऱ्याचजणी शिवणटिपण करत, आणि गळा किंवा हात चांगला असेल त्या संगीताकडे जात. त्यांना आडनाव नव्हतं. त्या जागी वाद्य आलं: ‘व्हायोलिनची’ आना मारिया, ‘ओबोची’ पेलेग्रिना. विवाल्दीने आना मारियासाठी कितीतरी कन्चेर्तो लिहिले. ती १७८२मध्ये वारली, तीही त्याच घरात. लग्न करून बाहेर पडायचं, तर पुन्हा चारचौघांत वाजवणार नाही असं कबूल करावं लागे.

एरवी युरोपात बायकांनी फुंकून वाजवायचं वाद्य हाती धरणं शोभत नाही असं मानत; म्हणे तोंड वेडंवाकडं दिसतं. पिएतात मात्र मुली ओबो वाजवत, बासरी वाजवत. १७२८मध्ये तर खास बासरीसाठी शिक्षक नेमला, इग्नात्सिओ झीबर. वर सज्जात, लोखंडी जाळीमागे त्या उभ्या राहत. खाली श्रोत्यांना सूर ऐकू येत, चेहरे दिसत नसत. मला वाटतं, जाळीने त्यांना कोंडलं आणि फुंकायची मोकळीकही दिली.

फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या रूसोला व्हेनिसमधल्या अशाच दुसऱ्या एका संस्थेतली जाळी सहन होईना. सूर इतके गोड, तर वाजवणाऱ्या अप्सराच असणार! हट्टाने त्याने त्यांची भेट घडवून आणली. समोर आल्या त्यांत एक एकाक्ष, एकीच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण. बिचारा हिरमुसला. पुढे मात्र त्यानेच लिहिलंय, की निघताना तो जवळजवळ सगळ्यांच्या प्रेमात पडला होता.

आता याच कन्चेर्तोचा मधला संथ भाग लावते. इथे व्हायोलिनं गप्प बसतात. खाली फक्त खर्जाची साथ, आणि वर बासरी एकटी. तिचा श्वास ऐका.