गोव्याच्या ताटातील बेळगाव

गोमंतकीय ताटातील मासे किनाऱ्यावरचे, नारळ परसातला. कोबी, टोमॅटो, बटाटा मात्र बहुतांशी घाटावरचा, म्हणजे बेळगावच्या बाजारातला. जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाटमार्गे तो साखळीकडे उतरतो. राज्य फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवरील सवलतीची भाजीही पुष्कळशी तिथलीच. संकेश्वरी मिरचीचे तर नावच निपाणीजवळच्या गावाचे. या वाटेचे मोल दोनदा कळले. १९५५ मध्ये भारताने पोर्तुगीज सत्तेखालील गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा बटाटा थेट नेदरलँड्सहून आणावा लागला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने सीमा अडली आणि भाजी काही दिवस दुर्मिळ झाली. आगशीची वांगी, खोल्याची मिरची आपली खरी. परंतु ती हंगामी आणि थोडी.