इटालियन भाषा व साहित्य (लिचेओचे अंतिम वर्ष)
इटलीतील ‘लिचेओ’ या पाच वर्षांच्या उच्च माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात आठवड्याला चार तास शिकवला जाणारा विषय. लेओपार्दीपासून आरंभ करून वेर्गा, पास्कोली, पिरांदेल्लो, स्वेवो, उंगारेत्ती, मोंताले अशा लेखक-कवींचे आधुनिक साहित्य अभ्यासले जात असतानाच दान्तेच्या महाकाव्याचा ‘पारादीझो’ (स्वर्ग) हा ३३ सर्गांचा अखेरचा खंड निवडक सर्गांतून वाचला जातो, आणि सातशे वर्षांपूर्वीची भाषा तळटीपांच्या आधारे ओळीओळीने उलगडण्याचा हा सराव या अभ्यासाचा सर्वांत मोलाचा भाग होय. ‘मातुरिता’ या शालान्त राज्यपरीक्षेचा पहिला, सहा तासांचा लेखी पेपर याच विषयाचा असतो. २०१९ पासून त्यात साहित्यकृतीचे विश्लेषण, युक्तिवादात्मक लेखन आणि समकालीन विषयावरील चिंतनपर निबंध अशा तीन प्रकारांतील सात विषयांपैकी एकच निवडून, इटालियन शब्दकोश शेजारी ठेवून, विद्यार्थी लिहितो.