थंडी, आंबा आणि केळ : चॅट्सवर्थ, रावेर आणि आमच्या कड्यावरची चवेणी



जानेवारी महिना आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात गमतीचा असतो. कलमवाला पहाटे उठून अंगावर काटा येतो का बघतो. थंडी पडली की मोहोर येणार, म्हणून तो खूश. त्याच पहाटे आगरात केळ लावलेला माणूस मात्र मनातल्या मनात म्हणतो, आता पुरे. माझ्याकडे दोन्ही आहेत, त्यामुळे मी कोणाच्या बाजूने देवाला गाऱ्हाणं घालू ते मला कळत नाही.

दोन वर्षांमागची गोष्ट. पऱ्ह्याच्या काठची खालची जागा पाण्याला सोपी म्हणून मी तिथे ग्रँड नैनची सव्वाशे रोपं जूनमध्ये लावली. वाढ झकास झाली. जानेवारीत निसवायला लागली आणि त्याच आठवड्यात दापोलीकडचा पारा १० अंशांजवळ आला. अकरा केळींचे घड गळ्यातच अडकले. खोड फुगलं, पण घड पुरता बाहेर आला नाही, अर्धा कुशीतून फुटून निघाला. बाकीच्यांचे घड आले, पण केळी आखूड आणि साल काळपट. व्यापाऱ्याने बघितलं आणि निम्मा भाव सांगितला. वरच्या गडग्याजवळ वेलची होती, तिला काही झालं नाही.

तेव्हापासून मी केळ आणि थंडी या विषयाचं जे मिळेल ते वाचतो आहे. त्यातून जो इतिहास हाती लागला तो आज लिहितो. हा इतिहास कामाचा आहे, कारण थंडीत केळ जगवायचा खटाटोप माणूस फार वर्षं करतोय आणि त्यातून शिकलेलं आपल्या आगरातही लागू पडतं.

आधी केळ म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. आपण ज्याला खोड म्हणतो ते खोड नाहीच. पानांचे देठ एकमेकांवर गुंडाळून झालेला तो खांब आहे. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. वाढीचा कोंब बराच काळ या कंदाच्या माथ्यावर, जमिनीलगत असतो. म्हणून लहान केळ गुरांनी खाल्ली किंवा कोयत्याने उडवली तरी मधून नवं पान वर येतं. पण एकदा आत फूल धरलं की कोंब खांबाच्या आतून वर चढायला लागतो. मग खांब कापला की घड गेला. कंद जगतो, पिल्लं येतात, पण त्या वर्षाचं पीक संपलं. पुढची सगळी गोष्ट या एका मुद्द्यावर उभी आहे.

आता इंग्लंडात जाऊ. तिथल्या डर्बीशायर परगण्यात चॅट्सवर्थ नावाचा डेव्हनशायरच्या ड्यूकचा वाडा आहे. १८२६ साली ड्यूकने जोसेफ पॅक्स्टन नावाच्या २२ वर्षांच्या पोराला मुख्य माळी नेमलं. हा पॅक्स्टन शेतकऱ्याच्या घरातला, फार शिकलेला नाही. मॉरिशसहून इंग्लंडात आलेली एक बुटकी केळ त्याने १८३०च्या आसपास मिळवली. मूळची ती दक्षिण चीनची. बाहेर बर्फ पडतो अशा जागी त्याने ती काचघरात लावली. कुजलेलं शेणखत, भरपूर पाणी आणि रात्रंदिवस ऊब दिली. नोव्हेंबर १८३५ मध्ये केळ निसवली आणि मे १८३६ पर्यंत घड तयार झाला. शंभरावर केळी लागली होती. लंडनच्या बागायती संस्थेच्या प्रदर्शनात त्याला पदक मिळालं. ड्यूकचं घराणं कॅव्हेंडिश, म्हणून पॅक्स्टनने केळीला तेच नाव दिलं.

निसवणीपासून काढणीपर्यंत तिथे सहा महिने लागले, हे शेतकऱ्याच्या डोळ्याने बघा. आपल्याकडे उन्हाळ्यात तीन-साडेतीन महिन्यांत घड पोसतो. काचेत ऊब होती, पण हिवाळ्यातलं ऊन कुठून आणणार? केळीला ऊब आणि उजेड दोन्ही लागतं, एकावर काम भागत नाही.

पुढे पॅक्स्टनने १८३६ ते १८४० या काळात तिथेच एक प्रचंड काचघर बांधलं, सुमारे २७७ फूट लांब आणि १२३ फूट रुंद. कोळशाच्या आठ बॉयलरवर ते गरम ठेवायचे आणि कोळसा न्यायला जमिनीखालून बोगदा होता. याच माणसाने नंतर १८५१च्या लंडनमधल्या प्रदर्शनाचा क्रिस्टल पॅलेस उभारला. पण शेवट बघा. पहिल्या महायुद्धात कोळसाही नाही आणि माणसंही नाहीत. काचघर गार पडलं, आतली झाडं मेली आणि १९२० साली ते पाडून टाकावं लागलं. जोवर बाहेरून आणलेली ऊब आहे तोवरच बाग, हा त्यातला धडा. आज आइसलँडमध्ये जमिनीतल्या गरम पाण्यावर काचघरं चालतात आणि त्यात केळीही होतात. तिथे ऊब निसर्गाची आहे म्हणून ते टिकून आहे.

चॅट्सवर्थच्या केळीचं पुढे काय झालं? १८३८ मध्ये जॉन विल्यम्स नावाचा मिशनरी प्रशांत महासागरातल्या बेटांकडे निघाला, त्याला ड्यूकने रोपं दिली. सामोआ बेटावर ती वाढली आणि तिथून आसपासच्या बेटांवर पसरली. बर्फाच्या देशात जपलेली केळ परत उष्ण देशात गेली ती अशी.

आता आपल्या महाराष्ट्रात या. जळगाव जिल्ह्यात ज्या बसराई केळीवर खानदेश उभा राहिला ती याच बुटक्या कॅव्हेंडिशच्या कुळातली. नंतर ऊतीसंवर्धनाची रोपं आली आणि ग्रँड नैनने तिची जागा घेतली. तीही कॅव्हेंडिशच. जळगाव केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. रावेर, यावल, चोपडा हा तापीकाठचा काळ्या जमिनीचा पट्टा. सावदा, रावेर या स्टेशनांवरून रेल्वेच्या वॅगन भरभरून केळी दिल्लीकडे गेली. आपल्याला वाटतं, केळ म्हणजे कोकण नाहीतर केरळ. पण राज्याचं केळीचं कोठार आहे तिथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे जातो आणि हिवाळ्यात ८-१० वर येतो.

म्हणजे थंड हवेतली केळ बघायला विलायतेला जायला नको, रावेरला गेलं की झालं.

तिथल्या शेतकऱ्याला थंडीचं गणित तोंडपाठ असतं. पारा १६ अंशांच्या खाली राहिला की केळीची वाढ मंदावते. उन्हाळ्यात आठवड्याला एक पान टाकणारी केळ कडक थंडीत महिन्याला एखाद-दुसरं पान टाकते. पान लहान, पिवळट, आखूड देठाचं निघतं आणि पानं शेंड्याला एका जागी गोळा होतात. निसवण त्या काळात आली तर घड अडकतो. बुटक्या जातीत हे जास्त, कारण तिचा गळा मुळातच आखूड. पोसलेल्या घडावर १२-१३ अंशांखालची थंडी बसली की सालीखालच्या चिकाच्या नळ्या तपकिरी होतात. अशी केळी पिकली तरी तिला तो सोनेरी पिवळा रंग येत नाही. म्हणून केळी फ्रिजमध्ये ठेवू नका म्हणतात, कारण तेच.

यावर खानदेशाने काढलेला पहिला उपाय म्हणजे लागवडीची वेळ. मृगबाग जून-जुलैची आणि कांदेबाग सप्टेंबर-ऑक्टोबरची. कांदेबाग थंडीत लहान असते, कोंब जमिनीलगत असतो. वाढ थांबते पण पीक जात नाही. मृगबागेत निसवण थंडीत सापडण्याचा धोका असतो, तिथे जपावं लागतं. मी जूनमध्ये लावून जानेवारीत निसवण आणली, म्हणजे नेमकी ती चूक केली. रोपांचा दोष नव्हता.

दुसरे उपाय साधे आहेत. थंडीच्या रात्री पाणी देणं, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं आणि ओली जमीन ऊब धरते. बांधावर शेवरी किंवा गजराज गवताची दाट ओळ, म्हणजे गार वारा थेट लागत नाही. पहाटे ओला पालापाचोळा जाळून धूर. घडाला पिशवी किंवा निदान वाळलेली पानं. खोडाभोवती लोंबणारी सुकी पानं थंडी सरेपर्यंत न कापणं, तेच तिचं पांघरूण.

आणि एक उपाय कागदावरचा, पण महत्त्वाचा. हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीसाठी कमी तापमानाची अट आहे. १ नोव्हेंबर ते २८ फेब्रुवारी या काळात सलग तीन दिवस पारा ८ अंश किंवा त्याखाली राहिला तर भरपाई. पण पारा मोजला जातो महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर, तुमच्या शेतात नाही. गार हवा जड असते, ती पाण्यासारखी वाहत खोलगट जागी साचते. केंद्र उंच मोकळ्या जागी असेल आणि बाग नाल्याकाठी, तर बागेत दोन-तीन अंश कमी असतात आणि कागदावर त्याचा पत्ता नसतो. नुकसान झालेल्या माणसाला हे फार लागतं. माझी पऱ्ह्याकाठची जागा अशीच आहे. दिवसा नंदनवन आणि पहाटे भुईचा फ्रिज.

शेवटी आपल्या घरची गोष्ट, जी मला सगळ्यात आवडते.

सह्याद्रीच्या कड्यावर पावसाळ्यात जी रानकेळ दिसते, तिला कोणी चवेणी म्हणतं, कोणी चवई, कोणी कवदर. खाली जाड, वर निमुळती. शास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी तिचं वर्णन मुसा सुपर्बा म्हणून केलं होतं. १९४०च्या दशकात तिला केळीपासून वेगळं काढून एन्सेट वंशात घातलं. इथिओपियाच्या थंड पठारावर हिच्याच एका बहिणीचा कंद आणि खांब हे लाखो लोकांचं रोजचं अन्न आहे.

ही चवेणी काय करते बघा. पाऊस संपला की पानं झडतात, खांब वाळून पडतो. कंद मात्र कातळाच्या फटीत हिवाळा, उन्हाळा झोपून काढतो. मिरगाचा पाऊस पडला की पुन्हा कोंब. अशी काही वर्षं गेली की एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. तिला पिल्लं येत नाहीत, बी हाच तिचा वंश. म्हणून भाजीसाठी किंवा पानांसाठी तोडताना फुललेली चवेणी तरी ठेवा. ती गेली की त्या कड्यावरचा वंश गेला.

आता गंमत अशी की जपान, इंग्लंड इथले लोक बागेतली केळ हिवाळ्यात जगवतात ती याच रीतीने. मुसा बासजू नावाची थंडी सोसणारी जात त्यांच्याकडे असते. जपानचा मोठा कवी बाशो, त्याच्या झोपडीशी शिष्याने १६८१ साली ही केळ लावली आणि कवीने केळीचंच नाव घेतलं. तिची केळी खायच्या कामाची नाहीत, लावतात ती पानांच्या शोभेसाठी. थंडीपूर्वी खांब कमरेइतका कापतात, भोवती भाताचा पेंढा गुंडाळतात, बुडाशी पाल्याचा थर देतात आणि वरून पाणी शिरू नये म्हणून झाकतात. कंद थंडीपेक्षा थंडी अधिक ओल यांनी जास्त कुजतो. वरचं गेलं तरी चालेल, कंद राखायचा. चवेणी हे कोणाकडून शिकली नाही. ती कोरड्या ऋतूसाठी करते ते हे लोक बर्फासाठी करतात. फक्त ज्यांना घड हवा आहे त्यांना खांब उभाच जपावा लागतो, कारण फूल त्याच्या आतून वर यायचं असतं.

यातून मी माझ्यापुरतं तीन गोष्टी ठरवल्या. पऱ्ह्याकाठच्या खोलगट जागी ग्रँड नैन जूनमध्ये लावायची नाही. लावली तर सप्टेंबरात, म्हणजे थंडीत ती लहान राहील आणि निसवण उन्हाळ्यात येईल. वेलची मात्र तिथेही चालेल. तिच्यात रानटी बल्बिसियाना केळीचं रक्त आहे, ते थंडी आणि ताण दोन्ही जास्त सोसतं. माझ्या आजोबांना हे नाव माहीत नव्हतं, पण त्यांनी पऱ्ह्याला वेलचीच ठेवली होती. मी ती काढून नवीन लावली, हे कबूल करतो. तिसरं, पाच-सातशे रुपयांचा किमान-कमाल तापमापक बागेत टांगला आहे, पहाटेचा आकडा रोज वहीत लिहितो. पुढच्या वेळी कोणी विचारलं तर माझ्याकडे माझ्या बागेचा आकडा असेल.

तुमच्या वाडीत थंडीत घड अडकल्याचा अनुभव असेल तर जात, लागवडीचा महिना आणि जागा उंच की खोलगट एवढं जरूर कळवा. खानदेशातल्या मंडळींनी तर नक्कीच लिहा, यात तुमचा हात धरणारा कोणी नाही.