शोधनिबंधाच्या आराखड्याची जडणघडण : एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

महाविद्यालयीन प्राध्यापकाला शोधनिबंध टाळता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली बढतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली आणि निबंधलेखन सेवेतील प्रगतीशी थेट जोडले गेले. निबंध पाठवायचा म्हटले की प्रथम हाती पडते ते सूचनांचे पत्रक. समास किती सोडावा, अक्षराचा आकार किती असावा, सारांश किती शब्दांचा, बीजशब्द किती, संदर्भ कोणत्या पद्धतीने द्यावेत, हे सारे त्यात बारकाईने नमूद केलेले असते. बहुतेकांना ही निव्वळ कारकुनी वाटते आणि ती टंकलेखकावर सोपवून ते मोकळे होतात.

परंतु या नियमांचा इतिहास तपासला असता असे दिसते की, त्यांपैकी जवळजवळ प्रत्येक नियम एखाद्या वादातून किंवा अडचणीतून जन्माला आला आहे. शोध प्रथम कोणी लावला? तो खरा कशावरून मानावा? दुसऱ्याला तो पडताळता येईल काय? लेखकाने कोणाकडून काय घेतले? या चार प्रश्नांची उत्तरे देता देता शोधनिबंधाचा आजचा आराखडा तयार झाला. त्या वाटचालीचा आढावा घेणे आणि आपल्या भाषांच्या संदर्भात तिचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. पत्रापासून निबंधापर्यंत

शोधनिबंधाचे मूळ पत्रात आहे. सतराव्या शतकात युरोपातील विद्वान आपले शोध एकमेकांना पत्रांतून कळवीत. लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांच्याकडे अशा पत्रांचा ओघ असे. त्यांतूनच त्यांनी मार्च १६६५ मध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक स्वतःच्या जबाबदारीवर सुरू केले. दोनच महिने आधी पॅरिसमध्ये देनी द सालो यांनी ‘जर्नल दे सावां’ काढले होते. छापील नियतकालिकाचा पहिला मोठा लाभ असा झाला की, शोधाला तारीख मिळाली. कोणी कोणाच्या आधी सांगितले, हा तंटा तारखेवरून मिटवता येऊ लागला. आजच्या निबंधावर ‘प्राप्त’ व ‘स्वीकृत’ असे दोन दिनांक छापतात, त्यामागे हीच गरज आहे.

दुसरा प्रश्न विश्वासाचा होता. रॉबर्ट बॉइल यांनी १६६० साली हवेच्या पंपावरील प्रयोगांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात यंत्राच्या आकृतीपासून फसलेल्या प्रयोगांपर्यंत सारा तपशील त्यांनी दिला. जो वाचक प्रयोगशाळेत हजर नव्हता, त्यालाही आपण साक्षीदार आहोत असे वाटावे, हा त्यामागील विचार होता. न्यूटन यांचा प्रकाश व रंग यांविषयीचा प्रसिद्ध शोधही फेब्रुवारी १६७२ मध्ये ओल्डेनबर्ग यांना लिहिलेल्या पत्राच्या रूपानेच छापला गेला. त्यावर आक्षेपांची माळ लागली. हूक यांनी निष्कर्षाविषयी शंका घेतली, तर लिएज येथील फ्रान्सिस लायनस यांनी प्रयोगात दिसते तेच मुळी वेगळे, असे कळवले. प्रिझम कसा धरायचा, आकाश कितपत निरभ्र असावे, याचा खुलासा त्यातून करावा लागला. ‘संशोधनपद्धती’ हे प्रकरण निबंधात कशासाठी असते, याचे उत्तर या वादात सापडते.

२. परीक्षकाचा प्रवेश

ओल्डेनबर्ग काय छापायचे ते बहुतांशी स्वतःच ठरवीत. १७५२ साली सोसायटीने नियतकालिकाची जबाबदारी स्वीकारली आणि निवडीसाठी समिती नेमली. मात्र छापलेल्या लेखातील मतांची जबाबदारी संस्था घेत नाही, असेही तिने त्याच वेळी जाहीर केले. लेखी अहवाल मागवण्याची कल्पना १८३१ मध्ये विल्यम ह्यूएल यांनी मांडली. पहिल्याच प्रसंगी जॉर्ज एअरी यांच्या निबंधावर ह्यूएल आणि त्यांचे सहपरीक्षक लबक यांचे एकमत होईना. दोन परीक्षकांची दोन मते, हा आजचा अनुभव इतका जुना आहे.

ही पद्धत सर्वत्र रुळायला मात्र बराच काळ गेला. ‘नेचर’ या ख्यातनाम साप्ताहिकाने प्रत्येक निबंध बाहेरच्या परीक्षकांकडे पाठवण्याचा नियम केला, तो १९७३ साली. लेखकाचे नाव केवळ पहिल्या पानावर ठेवावे, आतील पानांवर येऊ देऊ नये, अशी सूचना अनेक नियतकालिके देतात. परीक्षकाने माणूस न पाहता मजकूर पाहावा, एवढाच तिचा अर्थ आहे.

३. चार भागांचा साचा

प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती आणि चर्चा ही चौकट सनातन आहे, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः ती विसाव्या शतकातील आहे. चार प्रमुख इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकांचे १९३५ ते १९८५ या काळातील अंक तपासणारा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९७० च्या दशकात ऐंशी टक्क्यांहून अधिक निबंध या चौकटीत बसत होते आणि १९८० च्या दशकात दुसरा प्रकार उरलाच नव्हता. निबंधांची संख्या वाढत गेली. सगळे वाचणे अशक्य झाले, तेव्हा वाचकाला हवा तो भाग नेमका सापडावा ही सोय महत्त्वाची ठरली.

या साच्यावर टीकाही झाली. जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९६३ साली बीबीसीवरील भाषणात वैज्ञानिक निबंध ही एक फसवणूक तर नव्हे ना, असा सवाल केला. संशोधक आधी काही अपेक्षा मनात धरून कामाला लागतो. निबंधात मात्र निरीक्षणांतून निष्कर्ष आपोआप उगवला असे भासवतो, हा त्यांचा आक्षेप होता. इतिहास व साहित्य या विषयांच्या अध्यापकांनी तो विशेष ध्यानात ठेवावा. प्रयोगशाळेसाठी घडलेली चौकट दस्तऐवजाच्या किंवा काव्याच्या अभ्यासावर जशीच्या तशी लादली, तर विषयाचीच ओढाताण होते.

४. हवाला : संदर्भांच्या पद्धती

संदर्भाला उर्दूत ‘हवाला’ म्हणतात आणि मराठीतही आपण एखाद्या ग्रंथाचा ‘हवाला देतो’. मूळ अरबी शब्दात एकाचे देणे दुसऱ्याकडे सोपवण्याचा अर्थ आहे. संदर्भ देणारा लेखक हेच करतो. आपल्या विधानाची जबाबदारी तो ज्ञात साक्षीदाराकडे सोपवतो. साक्षीदार शोधता आला नाही, तर हवाला निरर्थक ठरतो.

कंसात लेखकाचे नाव व वर्ष देण्याची पद्धत हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ सालच्या निबंधात आढळते. शिकागो विद्यापीठ मुद्रणालयाची नियमपुस्तिका १९०६ साली आली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे नियम १९२९ मध्ये अवघ्या सात पानांच्या लेखात मावले होते. पुढे त्यांचा ग्रंथ झाला. भाषा व साहित्याच्या अभ्यासकांसाठी मॉडर्न लँग्वेज असोसिएशनने १९५१ साली आपली पुस्तिका काढली.

पद्धती वाढल्या तसा लेखकांचा त्रासही वाढला. टंकलेखन यंत्राच्या काळात एका नियतकालिकाने नाकारलेला निबंध दुसरीकडे धाडायचा, तर संदर्भांची सगळी पाने नव्याने टंकलिखित करावी लागत. जानेवारी १९७८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक कॅनडातील व्हँकूव्हर येथे जमले, ते यावर तोडगा काढण्यासाठी. त्यांनी ठरवलेले समान नियम १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. आज ज्या नियमांचा जाच वाटतो, त्यांतील काही मुळात लेखकाचे श्रम वाचवण्यासाठी केलेले होते.

५. आपल्याकडील परंपरा

भारतात छापील संशोधनाची सुरुवात कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने केली. १७८४ साली स्थापन झालेल्या या संस्थेचा ‘एशियाटिक रिसर्चेस’चा पहिला खंड १७८८ मध्ये निघाला, मात्र भारतीयांना सभासदत्व मिळण्यास १८२९ साल उजाडले. मुंबईच्या शाखेचे नियतकालिक १८४१ पासून निघू लागले. गोव्यात जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यातून शिलालेखांवर लेखन केले.

दख्खनच्या अभ्यासकांना जवळचे उदाहरण ‘एपिग्राफिया इंडो-मोस्लेमिका’चे आहे. १९०७-०८ पासून निघू लागलेल्या या नियतकालिकाचे संपादन हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम यझदानी यांनी दीर्घकाळ केले. अरबी व फारसी लेखांचे मूळ वाचन, त्याचा अनुवाद आणि ठशाचे छायाचित्र ही तिन्ही अंगे त्यात एकत्र येत. वाचन चुकले असेल तर वाचकाला छायाचित्रावरून ते दुरुस्त करता यावे, असा हा आराखडा होता. आपली चूक पकडण्याचे साधन लेखकाने स्वतःच वाचकाच्या हाती द्यावे, याहून प्रामाणिक रचना कोणती?

मराठीत वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः प्रसिद्ध केली आणि अस्सल कागदाच्या आग्रहाला शिस्त दिली. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. औरंगाबादहून अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दूचे ‘उर्दू’ हे त्रैमासिक १९२१ मध्ये मौलवी अब्दुल हक यांनी सुरू केले. पाठोपाठ १९२८ मध्ये ‘साइन्स’ हे उर्दू नियतकालिक आले.

आराखड्याच्या अभावी गुणवत्ता कशी अडते, हे श्रीनिवास रामानुजन यांच्या उदाहरणावरून कळते. त्यांचा पहिला निबंध १९११ साली इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. मांडणी इतकी त्रोटक होती की, संपादक नारायण अय्यंगार यांना हस्तलिखित पुनःपुन्हा परत पाठवावे लागले. संपादकाने तेव्हा निबंध नाकारला नाही. तो सुधारून घेतला. नियमांचा असाही उपयोग होऊ शकतो.

६. लिपी, नाव आणि संगणक

१९७० च्या दशकाच्या अखेरीस डोनाल्ड नुथ यांनी ‘टेक’ ही प्रणाली तयार केली आणि गणिती मजकुराची मांडणी लेखकाच्या हाती आली. भारतीय भाषांना ही सोय उशिरा लाभली. नस्तालीक लिपी ओळीत तिरकी उतरते, म्हणून उर्दू वृत्तपत्रे दीर्घकाळ कातिबांच्या हातून लिहिली जात. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांच्या अक्षरांवरून ‘नूरी नस्तालीक’ संगणकावर आली. १९९४ मध्ये ‘इनपेज’ आले. मराठीतही निरनिराळ्या कंपन्यांचे टंक वापरात होते. एका टंकातील निबंध दुसऱ्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हे दिसत. असे जुने निबंध शोधयंत्राला सापडत नाहीत. म्हणून युनिकोडचा आग्रह धरणारी सूचना लेखकाच्या हिताची आहे.

नावाचा प्रश्न याहून नाजूक आहे. पाश्चात्त्य संदर्भपद्धती आडनाव आधी घेते. मौलवी अब्दुल हक यांचे नाव या पद्धतीत बसवताना ‘हक’ हे आडनाव ठरते आणि ‘अब्दुल’ त्यापासून तुटतो. वस्तुतः ‘अब्दुल हक’ हा एकच, अर्थपूर्ण शब्दबंध आहे. ‘शेख’ किंवा ‘सय्यद’ आडनाव म्हणून नोंदले गेले आणि पुढे केवळ आद्याक्षर राहिले, तर असंख्य लेखक एकाच नावाखाली गोळा होतात. एकाचे श्रम दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतात. २०१२ पासून उपलब्ध असलेला ‘ऑर्किड’ हा लेखक-क्रमांक यावरचा उपाय आहे. प्रत्येक निबंधात आपले नाव एकाच रीतीने लिहिणे, हा त्याहून सोपा उपाय.

७. साचा आणि आशय

आराखडा निर्दोष आहे म्हणून निबंध खरा ठरत नाही. २००५ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या तीन विद्यार्थ्यांनी संगणकाकडून अर्थहीन निबंध रचून घेतला. त्यात आलेख होते, संदर्भही होते. एका परिषदेने तो स्वीकारला. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकासाठी जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम सदोष लिहिलेला निबंध मुक्त प्रवेशाच्या ३०४ नियतकालिकांकडे धाडला. १५७ ठिकाणी तो स्वीकारला गेला. ज्यांनी परीक्षण केल्याचे दिसले, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या सूचना मांडणी, आराखडा आणि भाषा यांच्यापुरत्याच होत्या. विषारी दोषाकडे बहुतेकांचे लक्ष गेले नाही, पण समासाकडे गेले.

आपल्याकडेही शुल्क घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. त्यांना आवर घालण्यासाठी आयोगाने २०१८ मध्ये ‘केअर’ यादीची व्यवस्था आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद केल्याचे जाहीर केले. नियतकालिक पारखण्याचा भार त्यामुळे पुन्हा शिक्षणसंस्थांवर आणि प्राध्यापकांवर आला आहे. सूचनापत्रकात केवळ टंक व शुल्क यांचीच चर्चा असेल आणि परीक्षणाचा, माहिती उघड करण्याचा, दुरुस्ती छापण्याचा उल्लेखही नसेल, तर ते पत्रक पुरेसे बोलके आहे.

समारोप

दिनांक, पद्धती, संदर्भ, परीक्षण या चारही गोष्टी विश्वासाच्या प्रश्नांतून निर्माण झाल्या. नियमाचे कारण ठाऊक असलेला लेखक तो डोळसपणे पाळतो, आणि विषयाला जाचक ठरणाऱ्या नियमाबद्दल संपादकाशी सकारण बोलूही शकतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना केवळ संदर्भसूचीचे नमुने घोकायला लावण्याऐवजी न्यूटन-लायनस वाद किंवा यझदानी यांचा एखादा शिलालेख समोर ठेवून ही कारणे शिकवता येतील. समास किती सोडावा हे टंकलेखकही सांगू शकेल. हवाला का द्यावा, हे मात्र प्राध्यापकानेच शिकवायचे आहे.