अंदमानी म्हणजे कोण?

नांदेड जिल्ह्यातल्या उमरी-धर्माबादच्या पट्ट्यात ‘अंदमान’ म्हटलं की आजही आधी काळं पाणीच आठवतं. ते साहजिक आहे. १७ जुलै १८५७ रोजी हैदराबादच्या रेसिडेन्सीवर चालून गेलेल्या मौलवी अलाउद्दीन यांना जन्मठेपेवर तिकडेच धाडलं होतं, आणि उमरी तेव्हा त्याच निजामी मुलखात होती. पुढे बाबाराव आणि विनायक हे सावरकर बंधू तिथे कैदेत पडले आणि अंदमान मराठी घराघरांत पोहोचलं, पण पोहोचलं ते तुरुंग म्हणून. कैद्यांच्या आधीपासून तिथे माणसं राहत होती, हे त्या शब्दात कुठेच उरलं नाही.

त्या माणसांसाठी मराठीत शब्द आहे ‘अंदमानी’. तो आपण फार सैल वापरतो. पोर्ट ब्लेअरला चार पिढ्या काढलेलं बंगाली कुटुंबही अंदमानी आणि जंगलातला जारवाही अंदमानीच! खरं तर मराठीजवळ यासाठी नेमकी सोय आहे. उमरीत राहतो तो उमरीकर, मग त्याची घरची बोली मराठी असो, तेलुगू असो की उर्दू. ‘कर’ राहण्याचं गाव सांगतो, वंश सांगत नाही. तेव्हा तिथे जाऊन वसलेल्यांना खुशाल ‘अंदमानकर’ म्हणावं आणि ‘अंदमानी’ हा शब्द मूळच्या लोकांसाठी राखावा.

नाव मात्र त्यांनी स्वतः घेतलेलं नाही. नवव्या शतकातल्या अरब दर्यावर्दींच्या वृत्तांतात ‘अंदमान’ येतं, मार्को पोलो ‘अंगामानाइन’ लिहितो. मलय भाषेतल्या ‘हंदुमान’वरून, म्हणजे आपल्या हनुमानावरून, हे नाव आलं असं हौसेने सांगितलं जातं, मला तो पुरावा कच्चा वाटतो. ‘जारवा’ हे नावही शेजाऱ्यांनी दिलेलं. अका-बिया भाषेत त्याचा अर्थ परका. ते लोक स्वतःला ‘आंग’ म्हणतात.

सरकारी कागदात ‘अंदमानी’ हा शब्द आणखी आखडतो. १९५९ च्या अनुसूचित जमातींच्या आदेशात अंदमानी या नावापाठोपाठ चारिआर, चारी, कोरा, ताबो, बो, येरे, केदे, बिया, बालवा, बोजिगियाब, जुवाई, कोल अशी बारा नावं एका दमात येतात. ही एके काळची वेगवेगळी टोळकी आणि त्यांच्या बोल्या. आज त्यांना मिळून ‘ग्रेट अंदमानी’ म्हणतात. जारवा, ओंगी, सेंटिनेली यांच्या नोंदी त्याच यादीत स्वतंत्र आहेत. म्हणजे कायद्याच्या भाषेत जारवा हा ‘अंदमानी’ नव्हे. भाषाशास्त्रात तो आहे, पण तिथेही ओंगी-जारवा हे एक कुळ आणि ग्रेट अंदमानी हे दुसरं. या दुसऱ्या कुळात नावाआधी लागणारा ‘अका’ तोंडाशी, पर्यायाने बोलण्याशी जोडलेला आहे: अका-बिया, अका-बो, अका-जेरू. शरीराच्या अवयवांवरून शब्दांना असे उपसर्ग लावत जाणं हा या भाषांचा कणा, आणि भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी तो बारकाईने उलगडून दाखवला आहे.

निकोबारींना यात ओढू नये. त्यांची भाषा ऑस्ट्रोआशियाई कुळातली, म्हणजे आपल्या मेळघाटातल्या कोरकूच्या दूरच्या नात्यातली. सरकार दोन द्वीपसमूहांची नावं जोडून लिहितं म्हणून माणसं एक होत नाहीत.

१८५८ मध्ये इंग्रजांनी कैद्यांची वसाहत पक्की केली आणि त्यानंतर रोगराईने ग्रेट अंदमानींची ही टोळकी झपाट्याने ओसरली. २०११ च्या जनगणनेत ग्रेट अंदमानी ४४ भरले. त्याच्या आदल्याच वर्षी, जानेवारी २०१० मध्ये, बोआ सीनियर ही वृद्धा वारली. यादीतल्या त्या बारा नावांपैकी ‘बो’ ही भाषा बोलणारी ती शेवटची होती.