काकांची टेप आणि गेलेला तानपुरा

बडा गणपतीजवळच्या आमच्या जुन्या घरात काकांचा रेकॉर्ड प्लेअर होता. संध्याकाळी रहदारी वाढली की खिडकी लावायची आणि मग अमीर खाँसाहेबांची १९६० सालची एलपी: एका बाजूला मारवा, दुसरीकडे दरबारी. खाँसाहेब आपल्या इंदूरचे, त्यामुळे ती रेकॉर्ड घरात देवासारखी. काका म्हणायचे, "नुसतं गाणं ऐकू येऊन काय? तानपुरा गवयाच्या मागे बसलाय, हे कळलं पाहिजे."

मला ते चोचले वाटायचे. मग त्यांनी झुबिन मेहतांची एलपी आणली, १९७१ साली लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकबरोबर केलेली, होल्स्टची 'द प्लॅनेट्स'. मेहता मुंबईचे, एवढ्यावरच घेतलेली! आम्हाला त्यातलं ओ की ठो कळेना. पण डोळे मिटले की व्हायोलिनं डावीकडे पुढे, नगारे पार मागे. स्पीकर तर दोनच, मग एवढा मोठा हॉल आला कुठून?

उत्तर जुनंच आहे. अ‍ॅलन ब्लुमलाइन या इंग्रज इंजिनिअरने १९३१ सालीच स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९३४ मध्ये लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत बीचमच्या वाद्यवृंदाची तालीम तशी टिपलीही. पुढे १९५० च्या दशकात डेक्का कंपनीने टी आकाराच्या दांड्यावर तीन माइक लावून ते कंडक्टरच्या डोक्यावर, जमिनीपासून दहा-बारा फुटांवर ठेवायला सुरुवात केली. मदतीला आणखी माइक असत, पण मुख्य चित्र या तिघांचं. जवळच्या वाद्याचा आवाज आधी पोचतो, लांबच्याचा क्षणभर उशिरा आणि भिंतींचा घुमार घेऊन. कानाला हॉल कळतो तो त्या उशिरातून आणि घुमारातून. प्रत्येक वाद्याच्या तोंडाशी माइक लावला तर आवाज स्वच्छ येतो खरा, पण सगळे लग्नाच्या ग्रुप फोटोत एका रांगेत उभे राहिल्यासारखे.

हे मी वाचलं फार उशिरा. त्याआधीच चूक करून बसलो होतो. काकांनी घरातल्या एका बैठकीची स्पूल टेप केली होती, एकाच माइकवर. ते गेल्यावर मी ती कंप्यूटरवर उतरवली आणि नॉइज रिडक्शन लावून खरखर काढली. फार खूश होतो स्वतःवर! पण ते सॉफ्टवेअर एकसारख्या चालणाऱ्या आवाजाला गोंगाट समजतं, आणि तानपुरा एकसारखाच चालतो ना. जवारी गेली. बाहेरचा पाऊस गेला. मागे कुणीतरी हळूच 'वाह' म्हणायचं, तेही गेलं. साफ न केलेली फाइल ठेवली नव्हती, आणि बुरशी आलेली मूळ टेप घर विकताना भंगारात गेली.

आत्याला ऐकवलं. म्हणाली, "गाणं आहे रे, पण आपलं घर कुठेय ह्यात?"

त्या बैठकीला गल्लीतले बरेच जण होते, आणि एकदोघांनी स्वतःचे टेपरेकॉर्डर आणले होते असं आत्या सांगते. तुमच्या कुणाच्या माळ्यावर ती कॅसेट असेल तर कळवा. साफ मात्र करू नका, आहे तशीच राहू द्या. मी घ्यायला येतो.