सुमनआत्याचा मोत्या

यंदा दिवाळीला येवल्याला माहेरी गेले, तर दारातच रडारड. माझ्या भाच्यानं, वय वर्षं दहा, मित्राकडून कुत्र्याचं पिल्लू आणलेलं. पांढरं, कपाळावर काळा ठिपका, बुटांच्या खोक्यात बसवलेलं. आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर उभे राहून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "ह्या घरात कुत्रं येणार नाही."

अण्णा आवाज चढवणारे नाहीत. चाळीस वर्षं हातमागावर पैठणी विणलेला माणूस. धागा तुटला तरी शांतपणे गाठ मारून पुढे जाणारा. त्यामुळे सगळेच गप्प झाले.

"पण का, आजोबा?"

"कुत्र्याचे आजार माणसाला होतात."

"सगळे?"

ह्यावर अण्णांकडे उत्तर नव्हतं. मग भाचा माझ्याकडे वळला. "आत्या, तू सांग ना. खरंच होतात का?"

आता मी काही डॉक्टर नाही. पण मला उलटसुलट वाचायची सवय आहे हे घरात सगळ्यांना माहीत. शिवाय अण्णा असे का वागतात ते अर्धवट का होईना मला ठाऊक होतं. आमच्या देवघराशेजारी एका मुलीचा फोटो आहे. दोन वेण्या, परकर-पोलकं. ती सुमनआत्या, अण्णांची धाकटी बहीण. १९६६ साली नऊ वर्षांची असताना गेली. "कुत्रं चावलं म्हणून गेली," एवढंच आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. त्यानंतर ह्या घरात कुत्रं आलं नाही.

असो. तर भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. होतात, पण सगळे नाहीत. पिल्लांना ज्याची फार भीती असते तो पार्व्हो माणसाला होत नाही, डिस्टेंपरही नाही. उलट अंगावरची खरूज, गजकर्ण हे कुत्र्याकडून आपल्याकडे येऊ शकतं. पोटातले जंत येतात, म्हणून कुत्र्याला जंताचं औषध द्यायचं आणि जेवायच्या आधी हात धुवायचे. कुत्र्याच्या आतड्यातला एक बारीकसा जंत असा आहे की त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात पाण्याच्या गाठी होतात. हा जंत कुत्र्याला मिळतो तो बोकड-मेंढ्यांच्या टाकून दिलेल्या आतल्या मांसातून. म्हणून खाटकाकडचं असलं कच्चं मांस कुत्र्यापुढे टाकू नये. लेप्टो तर मुंबईकरांना २००५ च्या पुरानंतर चांगलाच माहीत झाला. तो उंदरांच्या लघवीतून पसरतो हे खरं, पण कुत्र्यांनाही होतो आणि त्यांच्याही लघवीतून जातो.

आणि हो, हा रस्ता एकेरी नाही बरं का. फेब्रुवारी २०२० मध्ये हाँगकाँगमध्ये एका म्हाताऱ्या पॉमेरेनियन कुत्र्याला कोविडची लागण झालेली आढळली, ती त्याच्या आजारी मालकिणीमुळे. गंमत (खरं तर गंमत नाहीच) अशी की त्या बातमीनंतर आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी लोकांनी घाबरून पाळलेली कुत्री रस्त्यावर सोडून दिली. माणसानं कुत्र्याला आजार दिला आणि शिक्षाही कुत्र्यालाच!

पण अण्णांच्या डोक्यात ह्यातलं काहीच नव्हतं. त्यांच्या डोक्यात एकच आजार होता. रेबीज.

हा आजार आपल्याला फार जुना ओळखीचा. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या कुत्र्या-कोल्ह्याचं वर्णन आहे. शेपटी, जबडा आणि खांदे गळालेले, तोंडातून लाळ, नीट ऐकू येत नाही, दिसत नाही. चावलेल्या माणसाला पाणी बघून किंवा पाण्याचं नुसतं नाव ऐकून भीती वाटू लागली, तर तो वाचत नाही, असंही तिथे सांगितलेलं आहे. उपाय काय, तर जखमेतलं रक्त पिळून काढा आणि तापलेल्या तुपानं ती जागा डागा. वाचताना अंगावर काटा येतो. पण लक्षात घ्या, ह्या उपायाचा रोख जखमेवर आहे.

पुढे माणसांचा रोख जखमेवरून कुत्र्यावर गेला. मुंबईत इंग्रजांच्या काळात उन्हाळ्याच्या दिवसांत भटकी कुत्री मारायचा हुकूम असे आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागे बक्षीस मिळे. बक्षीस म्हटल्यावर पकडणारे घराच्या ओट्यावरून पाळलेली कुत्रीही उचलू लागले. पारशी लोकांच्या धर्मात कुत्र्याला मोठा मान. माणूस गेल्यावर प्रेताला कुत्र्याची नजर दाखवायचा त्यांचा विधी आहे. शेवटी ६ जून १८३२ ला पारशी मंडळी रस्त्यावर उतरली. दुकानं बंद झाली, कोटातल्या इंग्रजांचा दाणापाणी अडवला गेला, हिंदू-मुसलमान दुकानदारही सामील झाले. सरकारला लष्कर बोलवावं लागलं.

ह्यात कोण बरोबर? मला सांगता येत नाही. रेबीज खरा होता आणि १८३२ मध्ये त्यावर कुणाकडेच औषध नव्हतं. हाच वाद १९२६ मध्ये अहमदाबादला पुन्हा झाला. गिरणीमालक अंबालाल साराभाईंनी आपल्या गिरणीच्या आवारातली साठ कुत्री मारवली, आणि त्यांची बाजू घेतली ती चक्क गांधीजींनी! 'यंग इंडिया'त त्यांनी ह्यावर लेखमाला लिहिली. अहिंसावादी लोकांनी त्यांच्यावर संतापाच्या पत्रांचा पाऊस पाडला. पिसाळलेलं कुत्रं मोकळं सोडणं ही दया नाही आणि पाळायचं तर नीट जबाबदारीनं पाळा, असं त्यांचं म्हणणं.

पण १९२६ पर्यंत एक मोठी गोष्ट घडून गेलेली होती. ६ जुलै १८८५ ला पॅरिसमध्ये लुई पाश्चरनं जोसेफ माइस्टर नावाच्या मुलाला लस टोचवली. 'टोचवली' म्हणायचं, कारण पाश्चर स्वतः डॉक्टर नव्हता. वाळवलेल्या सशांच्या मज्जारज्जूपासून बनवलेली लस, एकूण तेरा वेळा. पोरगा वाचला. त्याचं वय होतं नऊ. इथपर्यंत वाचलं आणि मला देवघराशेजारचा फोटो आठवला.

भारतात १९०० साली कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली, मग १९०७ ला दक्षिणेत कुन्नूरला. म्हणजे सुरुवातीला नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला कुत्रं चावलं तर त्यानं आगगाडीनं थेट हिमालयाच्या पायथ्याशी जायचं! १९११ मध्ये कसौलीच्याच डेव्हिड सेंपल ह्यांनी कार्बोलिक ॲसिडनं मारलेल्या विषाणूची लस तयार केली. ती बाटलीत भरून दूर पाठवता येई, त्यामुळे हळूहळू गावोगावच्या दवाखान्यांत उपचार सुरू झाले. बेंबीभोवतीची ती सुप्रसिद्ध चौदा इंजेक्शनं ह्याच लशीची. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली, दुखरी, क्वचित कुणाला त्यातून अर्धांगही होई. पण तिनं असंख्य माणसं वाचवली. २००४ च्या अखेरीस तिचं उत्पादन आपल्याकडे बंद झालं. आता लस दंडात घेतात, चार किंवा पाच वेळा, आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते.

म्हणजे १९६६ मध्ये लस होती. येवल्याला रेल्वे स्टेशन होतं. मग सुमनआत्या का गेली?

भाऊबीजेच्या रात्री हे सगळं मी अण्णांना सांगत बसले होते. खरं म्हणजे त्यांचं मन वळवायला. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि मग, मी आजवर कधीच ऐकलं नव्हतं ते, बोलायला लागले.

कुत्रं रस्त्यावरचं नव्हतं. घरचं होतं, मोत्या. आत्यानंच पिल्लू असताना आणलेलं. नोव्हेंबरात एकदा भाकरी घालताना तो तिच्या बोटाला चावला. थोडंसं रक्त आलं. हे फक्त अण्णांनी पाहिलं, ते तेव्हा तेरा वर्षांचे. तिनं त्यांना शपथ घातली. "आईला सांगू नको. मोत्याला मारतील." कारण मागच्याच उन्हाळ्यात गल्लीतलं एक कुत्रं चावलं म्हणून लोकांनी त्याला काठ्यांनी मारलेलं तिनं बघितलं होतं. अण्णांनी जखमेवर चुना लावला, वर चिंधी बांधली आणि शब्द पाळला. मोत्या दोन-तीन दिवसांनी कुठेतरी निघून गेला तो आलाच नाही. कुणाला काही वाटलं नाही.

संक्रांतीला आमच्याकडे तीन दिवस पतंग. भोगी, संक्रांत, कर. अख्खं येवला गच्चीवर असतं. भोगीच्या दिवशी आत्या आसारी धरून अण्णांच्या मागे उभी होती आणि एकदम म्हणाली, वारा नको वाटतो, तोंडावर येतो. खाली आली. संध्याकाळी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि घसा आवळून आला. तेव्हा अण्णांनी आजीला सांगितलं.

ह्याला दोन महिने होऊन गेले होते. रेबीजचा विषाणू जखमेतून नसेत शिरतो आणि नसेच्या वाटेनं हळूहळू मेंदूकडे सरकतो, बहुधा एक ते तीन महिने. तेवढ्या वेळात लस शरीराला तयार करते. मेंदूत पोचल्यावर मात्र आजही जवळजवळ काहीच करता येत नाही. आत्या करीच्या दुसऱ्या दिवशी गेली.

"तेव्हा सांगितलं असतं तर?" अण्णांनी मला विचारलं. मी इतकं वाचून आलेली, पण काय बोलणार? तेरा वर्षांचा पोरगा होता तो. त्यानं बहिणीला दिलेला शब्द पाळला.

त्या रात्री मला झोप आली नाही. एक गोष्ट मात्र लख्ख दिसली. आम्ही साठ वर्षं म्हणत आलो की कुत्र्यानं आत्याला मारलं. पण मोत्या चावला तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. वेळ गेली ती लपवण्यात. आणि तिनं लपवलं, कारण आजारावर मोठ्यांकडे एकच उत्तर आहे, काठी, हे त्या पोरीनं पाहिलं होतं. ज्या घरात चावणाऱ्या कुत्र्याला मारतात, त्या घरातली पोरं चावलेलं सांगत नाहीत. मुंबईत १८३२ मध्ये दुसरं उत्तर नव्हतं, ते एकवेळ समजून घेता येतं. १९६६ मध्ये होतं. ते आमच्या गल्लीतल्या माणसांच्या मनापर्यंत पोचलं नव्हतं, एवढंच.

दुसरं उत्तर किती साधं आहे ते बघायला फार लांब जायला नको. आपल्या शेजारच्या गोव्यात २०१३ नंतर कुत्र्यांना पकडून लस टोचायची मोहीम सुरू झाली. पुढे वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस दिली गेली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि माणसांचे मृत्यू थांबले. दहातल्या सात कुत्र्यांना लस मिळाली की हा आजार पसरायला जागाच उरत नाही.

सकाळी मी भाच्याला जवळ घेऊन सांगितलं. कुत्रं चावलं, ओरखडलं, अगदी आपलंच असलं, एवढंसं असलं तरी लगेच नळाखाली धरून साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं. चुना नाही, तिखट नाही, हळद नाही, चिंधी नाही. आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. त्यानं विचारलं, "आणि मग पिल्लाला मारणार?"

अण्णा झोपाळ्यावर होते. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "नाही. कुणी हात लावणार नाही त्याला. पण तू मला सांगायचं. रात्री बारा वाजता सुद्धा उठवून सांगायचं."

पाडव्यापासून ओसरीत ठेवलेलं खोकं मग अण्णांनी स्वतः उचललं आणि गुरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. जंताचं औषध मिळालं. रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर, ती तारीख त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवली आहे. वहिनी सांगत होती, रोज सकाळी एकदा बघतात.

पिल्लाचं नाव मात्र मोत्या ठेवू दिलं नाही.